ताटांतील लोह व अंगांतील रक्त

यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं माध्यान्हीं एखाद्या शेतकऱ्याच्या घरांत डोकावून पाहिलें, तर ताटांत काय असतें हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, मोसमाप्रमाणें अंबाडीची, चवळाईची अथवा करडईची भाजी, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि तोंडीं लावावयास कांदा. हें अन्न निःसत्त्व नव्हे. असें असतांना याच घरांतील मुलींचे ओठ फिके कां, मैदानाला एक फेरी घातली कीं त्यांस धाप कां लागते, आणि आईला संध्याकाळीं उंबरठ्यावर बसल्यावर पुन्हां उठावेंसें कां वाटत नाहीं, हा प्रश्न आम्हीं या लेखापुरता हातीं घेतला आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें चौपन्न, आणि पांच वर्षांच्या आंतील शंभर बालकांपैकीं सुमारें एकोणसत्तर रक्तक्षयानें ग्रस्त आढळलीं. तेव्हां हा आजार दुसऱ्या कोणाच्या घरचा आहे असें समजून हें पान उलटूं नये, ही वाचकांस विनंति आहे.

रक्तक्षय या शब्दावरून अंगांतील रक्त आटतें असा समज होतो, तो बरोबर नाहीं. रक्त बहुतेक तेवढेंच राहतें. त्यांतील तांबडें द्रव्य उणें होतें. या द्रव्यास हिमोग्लोबिन म्हणतात, आणि श्वासावाटें फुप्फुसांत आलेला प्राणवायु शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचविणें हें त्याचें काम. त्याच्या घडणीस लोह लागतें. प्रौढ मनुष्याच्या सर्व शरीरांत मिळून लोह असतें तरी किती? तीन-चार ग्रॅम, एखाद्या लहानशा खिळ्याएवढें. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश एकट्या हिमोग्लोबिनमध्यें गुंतलेलें असतें. रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते आणि मोडते. पण शरीर मोठें काटकसरी आहे. सुतार जसा जुन्या फळीचे खिळे उपटून, सरळ करून पुन्हां ठोकतो, तसें तें मोडक्या पेशींतील लोह वेचून नव्या पेशींत घालतें. म्हणून प्रौढ पुरुषास दररोज एक मिलिग्रॅमच्या आसपास नवें लोह अंगीं लागलें तरी भागतें. मुलींचें व स्त्रियांचें तसें नाहीं. मासिक धर्माच्या दिवसांत रक्ताबरोबर दर महिन्यास पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह जातें. वाढत्या वयांत नवें रक्त घडावयाचें असतें तें निराळेंच. आणि पुढें एका गरोदरपणांत मिळून सुमारें एक ग्रॅम लोह लागतें. ज्या मुलीच्या अंगीं शाळकरी वयांतच शिल्लक नाहीं, तिनें हा ग्रॅम आणावा कोठून?

लक्षणें हळूहळू येतात, म्हणून घरच्यांच्या ध्यानीं येत नाहींत. खालची पापणी ओढून पाहावी. आंतली बाजू लालसर नसून फिकी दिसली, जीभ गुळगुळीत व पांढुरकी झाली, नखें चपटीं किंवा चमच्यासारखीं खोलगट झालीं, चढावर छाती धडधडूं लागली, तर रक्त तपासून घ्यावें. बारा वर्षांवरील मुलीच्या व स्त्रीच्या रक्तांत दर शंभर मिलिलिटरमागें निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावें. गरोदर स्त्रीच्या रक्तांत ११, प्रौढ पुरुषाच्या १३, आणि पांच ते अकरा वर्षांच्या मुलांच्या साडेअकरा. वर्गांत जांभया देणारें, एकच ओळ तीनदां वाचूनही न उमगणारें मूल आळशीच असतें असें नाहीं. शिक्षकांनीं त्यास बोल लावण्यापूर्वीं त्याची पापणी पाहावी.

आणखी एक लक्षण आहे, जें मुलें व घरचीं माणसें दोघेंही लपवितात. तें म्हणजे माती, खापर, खडू, भिंतीचा पोपडा अथवा कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा. चरकसंहितेंत पांडुरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पांचवा माती खाल्ल्यानें होणारा. इतक्या प्राचीन काळीं माती खाणें आणि अंग पांढुरकें पडणें यांची सांगड वैद्यांच्या दृष्टीस पडली होती, हें नवल होय. आज या गोष्टीची दुसरी बाजूही कळली आहे: लोह कमी झालें म्हणजे पुष्कळदां मातीची हांव सुटते, आणि ती माती पोटांत जाऊन अन्नांतील लोह शोषूं देत नाहीं, शिवाय जंतांचीं अंडीं घेऊन येते. अशा मुलीला मारूं नये, लाजवूंही नये; तिला दवाखान्यांत न्यावें.

आतां ताटाचा हिशेब करूं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनीं २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणानुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीच्या आहारांत दररोज ३० मिलिग्रॅम लोह असावें. त्याच वयाच्या मुलाच्या आहारांत २२. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें चार मिलिग्रॅम लोह असतें, तुरीच्या डाळींतही जवळजवळ तितकेंच. बाजरींत सहाच्या वर. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत मात्र एक मिलिग्रॅमही पुरें नाहीं. मुलीनें दिवसभरांत अडीचशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर दहा मिळाले, पन्नास ग्रॅम डाळीचे दोन, पालेभाजी चांगली वाटीभर असेल तर आणखी तीन-चार. बेरीज पंधरा-सोळा; म्हणजे तिसांचा निम्मा. त्या दिवशीं पालेभाजीऐवजीं बटाट्याचा रस्सा आणि भाकरीऐवजीं भात असेल, तर बेरीज याहूनही खालीं येते. आणि या पंधरांतलें सगळें अंगीं लागतें असें कोणीं समजूं नये. धान्य, डाळ व भाजी यांतील लोहापैकीं बहुधा दहावा हिस्साही रक्तापर्यंत पोंचत नाहीं. बाकीचें आलें तसें निघून जातें. म्हणून काम दुहेरी आहे. ताटांत लोह अधिक घालावयाचें, आणि घातलेलें वायां जाऊं द्यावयाचें नाहीं. पहिल्यास थोडाफार पैसा लागतो. दुसऱ्यास बहुधा कांहींच लागत नाहीं, म्हणून त्याविषयीं आम्ही अधिक लिहितों.

धान्यांच्या व डाळींच्या टरफलांत फायटेट नांवाचें द्रव्य असतें. तें लोहाला घट्ट बांधून ठेवतें, आणि बांधलेलें लोह आंतड्यांच्या भिंतीतून पलीकडे जाऊं शकत नाहीं. चहांतील तुरट द्रव्य, ज्यास टॅनिन म्हणतात, तेंही हेंच करतें. जेवणाबरोबर घेतलेला एक पेला कडक चहा त्या जेवणांतील लोहाचें शोषण निम्म्याहून अधिक घटवितो. आपल्याकडे सकाळीं शिळी पोळी चहांत बुडवून खाण्याची, शेतांत भाकर सोडली कीं लगेच चहाची किटली फिरविण्याची रीत आहे; त्या पेल्याबरोबर भाकरींतलें लोह मातीमोल होतें. चहा सोडा असा उपदेश करावयास आम्ही धजत नाहीं, कारण तो या जिल्ह्यांत कोणी ऐकणार नाहीं. जेवणापूर्वीं एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको, इतकेंच मागणें आहे. दुधाविषयींही दोन शब्द. दूध उत्तम अन्न खरें, पण त्यांत लोह नाहींच म्हटलें तरी चालेल. वर्ष उलटून गेलेल्या बालकास दुधावरच ठेवणाऱ्या माता त्यास गुटगुटीत पण फिकें करून ठेवतात. सहा महिने पुरे झाले कीं वरणाचें निवळ पाणी न देतां घट्ट वरण, शिजवून घोटलेली भाजी व मऊ भाकर द्यावयास लागावें.

आतां ही गांठ सोडविणारें द्रव्य कोणतें, तें सांगतों. तें म्हणजे क जीवनसत्त्व, आणि तें आपल्या अंगणांत व रानांत मुबलक आहे. आवळ्यांत तर तें विलक्षण प्रमाणांत असतें. पेरू, ज्यास आपल्याकडे जाम म्हणतात, तोही मागें नाहीं. लिंबू, कैरी, ताजा हिरवा सांबार, हीं सर्व त्याच कुळांतलीं. फक्त हें जीवनसत्त्व आंचेनें नाश पावतें. म्हणून लिंबू वरणांत उकळूं नये. वरण ताटांत वाढल्यावर पिळावें. थंडीच्या दिवसांत डब्याबरोबर एक जाम किंवा एक आवळा मुलांस द्यावा, आणि तो मधल्या सुटींत निराळा न खातां भाकरीबरोबरच खावयास सांगावें, कारण गांठ सोडणारा व गांठ दोन्हीं एकाच वेळीं पोटांत असावयास हवीं. हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेंही साधते. मूग, मटकी, बरबटी किंवा हरभरा भिजवून मोड आणले कीं त्यांतील फायटेट बऱ्याच अंशीं मोडतें आणि क जीवनसत्त्व नव्यानें उत्पन्न होतें. पीठ आंबविल्यानेंही फायटेट कमी होतें. महालक्ष्म्यांच्या सणास शेजारच्या घरांतून ज्वारीची आंबील येते ती आपण चवीनें पितों. ती सणापुरती ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं.

ताटांत भर घालण्याविषयीं म्हणाल, तर पावसाळ्यांत बांधावर आपोआप उगवणारा तरोटा, ओलसर जागीं पसरणारी चिवळ, परसांतील शेवग्याचा पाला आणि अंबाडी यांकडे पुन्हां वळावें. पैसे देऊन घ्याव्या लागत नाहींत म्हणूनच बहुधा या भाज्या हलक्या मानल्या गेल्या. पालकाची कीर्ति मात्र त्याच्या गुणाहून मोठी आहे. त्यांतील लोहाचा फारच थोडा भाग शोषला जातो. तीळ लोहानें समृद्ध आहेत, ते संक्रांतीपुरतेच डब्यांतून काढूं नयेत. तिळाची चटणी बारमास होऊं शकते. अळिवाचा लाडू बाळंतिणीइतकाच शाळकरी मुलीलाही मानवतो. गूळ-शेंगदाण्याची शिफारस सर्वत्र ऐकूं येते व ती वाईट नाहीं, पण सुपारीएवढ्या गुळाच्या खड्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमच असतें, तेव्हां तेवढ्यावर विसंबूं नये. बीट व डाळिंब यांच्याविषयीं तर आम्हांस स्पष्टच लिहिलें पाहिजे. ते लाल आहेत म्हणून रक्त वाढवितात, हा तर्क केवळ रंगावरून केलेला आहे. दोहोंतही लोह अत्यल्प. आजाऱ्यासाठीं उसने पैसे काढून डाळिंबें आणणाऱ्या घरांनीं त्याच पैशांत हरभरे आणि लिंबें आणावींत.

जीं कुटुंबें मांसाहार करतात त्यांचें काम थोडें सोपें आहे. मांसांतील, विशेषतः कलेजींतील लोह धान्यांतल्या लोहापेक्षां कितीतरी अधिक शोषलें जातें, आणि मांस किंवा मासळी ताटांत असली म्हणजे त्याच ताटांतील भाकर-भाजींतलें लोहही अधिक अंगीं लागतें. आठवडी बाजारांत मिळणारी सुकी मासळी स्वस्त असते, ती थोडी भाजींत टाकली तरी उपयोग होतो.

अन्नानें खरोखरच फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचें उत्तर महाराष्ट्रांतीलच शाळकरी मुलांनीं दिलें आहे. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, बारा ते सोळा वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक प्रयोग करण्यांत आला व त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. कांहींस नेहमींच्या बाजरीची भाकर व कांहींस अधिक लोह असलेल्या बाजरीची भाकर, असें सहा महिने चाललें. ही दुसरी बाजरी कृषिशास्त्रज्ञांनीं निवडपद्धतीनें तयार केलेली. तिचें ‘धनशक्ति’ हें वाण महाराष्ट्रांत २०१२ सालापासून शेतकऱ्यांस मिळूं लागलें. आरंभीं ज्यांच्या अंगीं लोह कमी होतें, त्यांच्यापैकीं धनशक्तीची भाकर खाणारीं मुलें दीडपटीहून अधिक प्रमाणांत बरीं झालीं. औषध नाहीं, सुई नाहीं. केवळ भाकर बदलली. आपल्या काळ्या जमिनींत ज्वारी रुजली आहे, बाजरी फारशी नाहीं, हें आम्ही जाणतों. पण हिवाळ्यांत चार-सहा किलो बाजरी बाजारांतून आणून ज्वारींत मिसळून दळण्यास अडचण नसावी.

मात्र या प्रयोगास सहा महिने लागले हें विसरूं नये. दानीएल व त्याचे सोबती यांनीं राजाचें पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी घेतलें आणि ते इतरांहून सतेज दिसले, ही कथा मुलांस पाठ आहे. रक्तक्षयाच्या बाबतींत कोणीं दहा दिवसांची मुदत मागूं नये. हिमोग्लोबिन एकदां बरेंच खालीं गेलें म्हणजे नुसत्या भाजी-भाकरीनें तें भरून येण्यास फार काळ लागतो, आणि तेथें डॉक्टरांनीं दिलेली लोहाची गोळी घेणेंच शहाणपणाचें. शाळेंत दर आठवड्यास जी निळी गोळी देतात, तींत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतें. ती खाऊन मळ काळा होतो, कोणास थोडें मळमळतें. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर घेऊं नये. ती दप्तरांत लपवून घरीं जातांना नालींत टाकणारीं मुलें आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. आणि डॉक्टरांनीं रोजच्या गोळ्या दिल्या असतील तर हिमोग्लोबिन भरल्यावरही त्या सुमारें तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण रक्त भरलें तरी शरीराचें कोठार अद्याप रितें असतें.

गोळींत लोहाबरोबर फॉलिक आम्ल कां, याच्या मागें मुंबईची एक हकीकत आहे. यवतमाळचा कापूस ज्या काळीं आतां बंद पडलेल्या शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापुरास व तेथून मुंबईस जात असे, त्या काळांत, १९२८ सालीं, डॉक्टर ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. गिरणींत राबणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणांत भयंकर फिक्या पडत व कित्येक दगावत. त्याचें कारण शोधणें हें तिचें काम. तिनें त्या स्त्रियांच्या घरच्या अन्नाची विचारपूस केली, हाफकिन संस्थेंत प्राण्यांवर प्रयोग केले, आणि तिला आढळलें कीं यांतील कित्येकींस लोह देऊन उपयोग होत नाहीं, पण यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त लेप खावयास दिला कीं त्या झपाट्यानें सुधारतात. हें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या लेपांतील गुणकारी द्रव्य तेव्हां अज्ञात होतें. दहा वर्षांनीं, १९४१ सालीं, तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें आणि पानावरूनच त्यास फॉलिक आम्ल हें नांव पडलें. वर पालकास आम्हीं उणें लेखलें, त्याचें थोडें परिमार्जन येथें झालें. हिरव्या पालेभाज्या, मोड आलेलीं कडधान्यें व शेंगदाणे यांतून हें आम्ल मिळतें. भाजी फार वेळ उकळून पाणी फेकून दिलें कीं तें जातें.

कांहीं वेळां ताटांत सर्व असूनही रक्त वाढत नाहीं, कारण तें आंतल्या आंत गळत असतें. अंकुशकृमि नांवाचा जंत आंतड्यांस चिकटून रक्त पितो. तो बहुधा तोंडावाटें येत नाहीं, अनवाणी पायांच्या त्वचेंतून शिरतो. आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथें अळ्यांचें पाणी सांडलें, तेव्हां हें प्रथम ध्यानीं आलें. उघड्यावर शौचास बसण्याची रीत जेथें आहे तेथील ओल्या मातींत या अळ्या असतात, आणि श्रावणांत निंदणास जाणाऱ्या बायामुली त्याच मातींत दिवसभर अनवाणी उभ्या असतात. पायांत वहाण, घरीं संडास, आणि फेब्रुवारी व ऑगस्टमध्यें शाळेंत मिळणारी जंताची गोळी, हे तीन उपाय आहारापूर्वींचे समजावेत.

विदर्भांत आणखी एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते. सिकलसेल हा आनुवंशिक विकार आपल्याकडे आदिवासी व इतर अनेक समाजांत आढळतो. मध्य भारतांतील त्याची नोंद १९५८ सालींच वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली होती. त्यांतही मूल फिकें पडतें, परंतु तेथें उणीव लोहाची नसून हिमोग्लोबिनची घडणच सदोष असते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन लौकर मोडतात. सांधे व हाडें वारंवार दुखणें, डोळे पिवळट होणें, घरांत दुसऱ्या कोणास असा त्रास असणें, अशीं चिन्हें असतील तर आपल्याच मनानें लोहाचीं औषधें देत राहूं नये. ज्यांस वरचेवर दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें त्यांच्या अंगीं तर लोह आधींच जास्त सांचतें. १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेखालीं याची तपासणी सरकारी दवाखान्यांत होते. एकदां ती करून घ्यावी व तिचा कागद जपून ठेवावा, मुलींच्या तसाच मुलांच्याही. लग्न ठरवितांना पत्रिकेपेक्षां तो अधिक उपयोगी पडतो.

इतकें सर्व लिहून झाल्यावरही एक गोष्ट राहते, आणि ती रसायनशास्त्रांतील नाहीं. वरणाचा तळाचा घट्ट भाग, कलेजीचा तुकडा, भाजीचा मोठा वाढा प्रथम बापाच्या ताटांत, मग मुलांच्या, मग मुलींच्या. आणि आई शेवटीं बसते तेव्हां पातेल्यांत असतें तें भाकरीनें पुसून घेते. ज्यांस लोह सर्वांत अधिक लागतें त्यांस सर्वांत कमी मिळतें. हा क्रम कोणीं दुष्टपणानें लावलेला नाहीं, पुष्कळदां आईनेंच प्रेमानें लावलेला असतो, म्हणून तो मोडणें कठीण. कापूस वेचणीच्या दिवसांत तर ती पहांटे चहा पिऊनच घराबाहेर पडते. आमची पालकांस सूचना आहे कीं रात्रींचें एक जेवण तरी सर्वांनीं एकत्र बसून घ्यावें, आणि वाढण्याचें काम त्या वेळीं मुलानें करावें. एकत्र बसलें म्हणजे कोणाच्या ताटांत काय आहे हें सर्वांस दिसतें.

शेवटीं भांड्यांविषयीं. आजीच्या काळची लोखंडी कढई अडगळींत टाकून आपण अॅल्युमिनियमचीं भांडीं घेतलीं, तीं उचलावयास हलकीं व दिसावयास पांढरीं म्हणून. इथिओपियांत मुलांच्या दोन गटांस एकास लोखंडी व दुसऱ्यास अॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेलें अन्न देऊन पाहिलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत लोखंडी भांड्यांत जेवण शिजलेल्या मुलांचें हिमोग्लोबिन अधिक वाढलें. आंबट व रसदार पदार्थांत लोखंड अधिक उतरतें, म्हणून अंबाडीची भाजी, टोमॅटोची चटणी, चिंच घातलेली आमटी त्या कढईंत करावी. कोरड्या पदार्थांत विशेष उतरत नाहीं. शिजलें कीं लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावें, नाहींतर रंग काळा पडतो आणि मुलें नाक मुरडतात. कढई धुऊन तशीच ओली ठेवूं नये. कापडानें पुसून क्षणभर चुलीवर तापवावी व तेलाचें बोट सर्वत्र फिरवून ठेवावी, म्हणजे गंज चढत नाहीं.